चार अक्षरे आणि एक काना
(लेखमाला : पहिलीचा वर्ग, भाग ५)

या आठवड्यात पहिलीत अक्षरे सुरू होतात. गेल्या बारा आठवड्यांची 'विद्याप्रवेश'ची तयारी, म्हणजे चित्रांवर गप्पा, बडबडगीते, रेघोट्या, वस्तूंची जुळवाजुळव, ही पालकांच्या लेखी खेळातच जमा होती. गोव्याच्या डिचोली तालुक्यातील सुर्ला किंवा शेजारच्या पाळीसारख्या गावात शाळेचे हे पहिले महिने पावसात जातात आणि चतुर्थीला घर भरले की पाहुणे मुलाला हटकून विचारतात, कुठपर्यंत आलास? मुलाने 'क, म, न, र' असे सांगितले की भुवया चढतात. तीन महिन्यांत चार अक्षरे, आणि तीही भलत्याच क्रमाने! माझ्या मते प्रश्नच चुकीचा विचारला जातो. पहिलीतल्या मुलाचा आठवडा किती अक्षरे 'झाली' यावर मोजू नये. आलेल्या अक्षरांतून त्याला किती शब्द स्वतः वाचता आले, यावर मोजावा. त्या मापाने ही चार अक्षरे अ ते ज्ञ पाठ म्हणण्यापेक्षा पुष्कळ पुढची आहेत.

आधी क्रमाचे पाहू. वर्णमाला ही उच्चारशास्त्राची देखणी मांडणी आहे. कंठातून निघणारे वर्ण एका ओळीत, ओठांनी उच्चारायचे दुसऱ्या ओळीत. पण ती ज्याला भाषा वाचता येते त्याने कौतुक करण्याची गोष्ट आहे. पहिल्या आठवड्यात क, ख, ग, घ, ङ शिकवले आणि वर काना दिला, तरी हाती लागतात काका, काख, खाक, खा, गा असे मोजके शब्द. पाचवे अक्षर ङ तर मुलाला पुढे कुठल्या शब्दात सुटे भेटेल, हे शिक्षकालाही सांगता येणार नाही. शिवाय वर्णमालेत सारखी दिसणारी आणि सारखी ऐकू येणारी अक्षरे शेजारी बसतात. ट, ठ, ड, ढ एका दमात शिकवायचे आणि मग मूल ठ आणि ढ यांत गोंधळते म्हणून त्याला ओरडायचे, हा त्याच्यावर अन्याय आहे. भ आणि म यांचेही तेच. याउलट क, म, न, र ही चारही अक्षरे भाषेत पावलोपावली येतात. त्यांना काना जोडला की काम, कान, नाक, मान, रान, मामा, काका, मका, कमान, नमन, कार असे वीसेक शब्द त्याच आठवड्यात फळ्यावर येतात. 'काका, काम करा' हे तर आख्खे वाक्य झाले. सहा वर्षांच्या मुलाने कुणाच्या मदतीशिवाय वाचलेले पहिले वाक्य, मग ते कितीही बाळबोध असो, वाचन म्हणजे काय ते त्याला कळवून जाते. खुणांतून आवाज निघतो आणि आवाजातून अर्थ, हे त्याला आता कुणी सांगावे लागत नाही.

सुर्ल्यासारख्या गावात या गटाचा आणखी एक उपयोग होतो, जो पुण्याच्या वर्गात होणार नाही. इथल्या घरांतून कोंकणी बोलली जाते आणि शाळा मराठी असते. फळ्यावर 'मका' लिहून म ला काना दिला की 'माका' होते. मका खायचा आणि माका म्हणजे मला, हे मुलाला विचार न करता कळते. एका उभ्या रेघेने अर्थ कसा पालटतो, हे दाखवायला इतके चपखल उदाहरण शोधूनही सापडायचे नाही. यावर मराठीच्या वर्गात कोंकणी लिहू दिली तर मराठी कच्ची राहील, असा आक्षेप येतो. तो मनापासूनचा आहे, पण त्यात दोन वेगळी कामे एकत्र होतात. 'माका' हे मुलाने बरोबर वाचले आहे. म्हणजे अक्षरे उलगडण्याच्या कामात ते पास झाले. घरी माका, पुस्तकात मला, हे सांगण्याचे काम नंतरचे, आणि पुढे एखाद्या गटात ल आला की दोन मिनिटांत होणारे. वाचनाची चूक आणि बोलीचा फरक या दोन्हींवर एकच लाल फुली मारली की मूल वाचायला नव्हे, बोलायला घाबरते.

सर्वांत वजनदार आक्षेप आजोबांच्या पिढीचा. गोवामुक्तीनंतर मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, तिथे आम्ही वर्णमाला आणि बाराखडी घोकली आणि आमचे काही अडले नाही, असे ते म्हणतात. खरेच आहे. पण हे सांगायला येतात ते शिकलेले. जे दुसरी-तिसरीतच गळाले, ते या वादात बोलायला कधी नसतात. आजचे चित्रही डोळ्यांआड करण्यासारखे नाही. 'असर'च्या २०२४ च्या देशपातळीवरील पाहणीत सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २३.४ टक्के होती, २०२२ मध्ये १६.३. मधली घसरण कोरोनाची म्हणावी, तर त्याआधी २०१८ मध्येही आकडा २०.९ च होता. याचे खापर एकट्या वर्णमालेवर फोडता येणार नाही. पण सारी अक्षरे ओळखून मजकुराशी अडणारे मूल कुठल्याही शिक्षकाच्या परिचयाचे असते. बाराखडीला माझा विरोध नाही. चौतीस व्यंजनांची प्रत्येकी बारा रूपे धरली तर चारशे आठ आकृत्या होतात. त्या सुट्या सुट्या पाठ करण्यापेक्षा काना एकदा नीट कळला की तो चौतीस ठिकाणी आपसूक लागतो. बाराखडी ही शेवटी उजळणी म्हणून म्हणावी, तेव्हा ती गोडही लागते.

उरला शिक्षकाचा प्रश्न. पहिली ते चौथी एकाच बाईंनी सांभाळायची अशी शाळा असेल, तर अक्षरगटाला वेळ कुठून आणायचा? मला वाटते, अशा शाळेलाच तो जास्त सोयीचा पडतो. पाच कार्डे हातात दिली की पहिलीचे मूल शब्द जुळवत अर्धा तास बसते आणि तिसरीची ताई ते तपासते. पाठांतर मात्र बाईंच्या तोंडाशिवाय पुढे सरकत नाही. हां, कोण कुठे अडले हे बाईंनी आठवड्यातून एकदा प्रत्येकाशेजारी बसून पाहायलाच हवे, आणि त्या वेळात जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची कामे त्यांच्या गळ्यात पडली तर कुठलीच पद्धत तगणार नाही. इंग्रजी शाळेतल्या शेजारच्या मुलाला एबीसीडी पूर्ण येते, ही तुलना फार लांबवायला नको. सव्वीस अक्षरे पाठ झाली म्हणून त्याला इंग्रजी वाचता येत नाही. इकडे काका काम करा आलेच.

आता पालकांची घाई एका ठिकाणी समजण्यासारखी आहे. मुलाने निदान गावाचे नाव तरी लिहावे, असे त्यांना वाटते. नेमके ते नाव कठीण आहे. 'सुर्ला'मध्ये उकार आहे आणि 'ला'च्या डोक्यावर रफार. तो बोलताना आधी येतो आणि लिहिताना पुढच्या अक्षरावर बसतो. तालुक्याचे नाव घ्यावे तर 'डिचोली'तली पहिली वेलांटी बोलताना नंतर आणि कागदावर आधी. खाणपट्ट्यातल्या मुलाला जन्मापासून ठाऊक असलेला 'ट्रक'सुद्धा जोडाक्षराने सुरू होतो. ही मुले ते शब्द पाटीवर ओळखतात, पण चित्रासारखे. म्हणून गावांच्या नावांत आधी 'पाळी' आणि 'साखळी' घ्यावीत. दोन्हींत काना आणि दीर्घ वेलांटी, दोन्ही चिन्हे अक्षराच्या उजवीकडे, बोलण्याच्याच क्रमाने. पुढच्या आठवड्यात प, ळ, स, ख यांचा गट घेऊन त्यांना हीच वेलांटी लावायची आहे. ऱ्हस्व वेलांटीला आणि सुर्ल्याला दिवाळीनंतर हात घालू.