युरिक अ‍ॅसिड वाढलं, म्हणून डाळ बंद?

रिपोर्टमध्ये युरिक अ‍ॅसिड वाढलेलं दिसलं की आपल्या घरात पहिली गदा येते ती डाळीवर. डाळ बंद, पालक बंद. आणि सांधा दुखला की मेडिकलमधून आणलेली गोळी मात्र चालू! नेमकं उलटं होतं ना हे?

युरिक अ‍ॅसिड येतं कुठून? शरीरातल्या जुन्या पेशी मोडतात त्यातून, आणि काही अन्नातून. त्यातलं साधारण दोन तृतीयांश किडन्या लघवीवाटे बाहेर टाकतात. म्हणजे किडनीचं काम मंदावलं की रक्तात ते साठतं. उलट बाजूही आहे. लघवीत ते साचलं तर खडे होतात, आणि खड्याने वाट अडली तर किडनीला इजा होते. म्हणून आकडा वाढला तर क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन याही तपासण्या करून घेऊ या. रक्तदाब आणि साखरही बघू या.

बायकांमध्ये सहसा ६ च्या वरचा आकडा जास्त धरतात. पाळी चालू असेपर्यंत इस्ट्रोजेनमुळे किडनी युरिक अ‍ॅसिड चांगलं बाहेर टाकते. पाळी गेल्यावर आकडा चढू लागतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही तो वाढतो. पण ती गोळी मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं.

दुखत काही नाही, नुसता आकडा वाढलाय, तर? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत किडनीच्या रुग्णांना अ‍ॅलोप्युरिनॉल देऊन पाहिलं. किडनीची घसरण काही मंदावली नाही. गाऊट किंवा खडे असतील तर औषध लागतं, पण प्रत्येकीला लागतंच असं नाही.

मग आपल्या हातात काय? डाळ-भाजी खायची. कलेजी, तारली-बांगडा, गोड कोल्ड्रिंक, दारू कमी करायची. दुखण्याची गोळी रोज घ्यायची नाही. किडनीला खरा धोका तिचाच. आणि पाणी! शेतात, बाजारात आडोसा नाही म्हणून आपण दिवसभर तोंड कोरडं ठेवतो. खड्यांना हे आमंत्रणच. तेव्हा कामाच्या जागी स्वच्छतागृह मागायला लाजू नका, ती आपल्या तब्येतीचीच मागणी आहे. मात्र किडनी आधीच कमजोर असेल, तर पाणी किती प्यायचं, डाळ किती खायची हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

आणि हो, घरातला जुना रिपोर्ट आजच काढून बघा!