हरवलेल्या फोल्डरचा शोध

मैत्रिणींनो, कपाटातली किल्ली हरवली तर आपण उशीखाली, पिठाच्या डब्यामागे, देवघरात, सगळीकडे बघतो. पण कॉम्प्युटरमधला पत्रांचा एक अख्खा कप्पाच नाहीसा झाला तर कुठे बघायचं? गेल्या पावसाळ्यात माझ्यावर ही वेळ आली, आणि तीही भलत्याच वेळी.

ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. संध्याकाळी दाखल केलं, तर हॉस्पिटलच्या खिडकीवर विम्याची पॉलिसी आणि यंदाच्या हप्त्याची पावती मागितली. "घरी कॉम्प्युटरवर आहे, विमा नावाच्या फोल्डरमध्ये," हे पलंगावरून म्हणाले. मी रिक्षा करून घरी आले, आऊटलुक उघडलं, तर डाव्या हाताच्या यादीत वीज, बँक, सोसायटी, जुनी लग्नं सगळं होतं. विमा तेवढा नव्हता! घामच फुटला. ऑपरेशन सकाळी नऊला, आणि कागद नसले तर आधी रोख भरा म्हणणार.

प्रथम वाटलं, कुणीतरी पुसून टाकलं. खरं सांगायचं तर ते 'कुणीतरी' मीच होते, पण पुसलं मात्र नव्हतं. आदल्या दिवशी सोसायटीची नोटीस शोधताना माऊसचं बटण माझ्या हातून दाबलेलंच राहिलं आणि तसाच हात सरकला. फोल्डर दुसऱ्या फोल्डरवर सोडला गेला की तो त्याच्या पोटात जाऊन बसतो. "खरंच हलवू का?" असं काही माझ्या कॉम्प्युटरने विचारलं नाही. फोल्डर सापडत नाही म्हटलं की पहिला संशय याचाच घ्यावा.

म्हणून सुरुवात यादीतल्या बाणांपासून करा. ज्या फोल्डरच्या नावाशेजारी बारीक बाण दिसतो, त्याच्या पोटात आणखी फोल्डर आहेत असं समजा. बाण दाबला की ते उलगडतात. डिलीटेड आयटम्सच्या शेजारचा बाणही दाबून बघा. पुसलेला फोल्डर बहुतेक वेळा तिथे आतल्या पत्रांसकट सापडतो. पण म्हणूनच डिलीटेड आयटम्स उगाच रिकामे करू नका, बरं का. केराच्या टोपलीतून चमचा निघाल्याचा अनुभव आपल्या सगळ्यांनाच आहे.

बाण दाबून दाबून मला काही मिळेना. इतकी वर्षं साठलेल्या फोल्डरांची ती रांग, त्यात घाई. मग सुनेला फोन केला. ती म्हणाली, "आई, फोल्डर शोधू नका, आतलं एखादं पत्र शोधा." वरच्या शोधपट्टीत विमा कंपनीचं नाव टाकलं आणि शेजारी 'ऑल मेलबॉक्सेस' निवडलं. पावतीचं पत्र आलं! त्याच्या ओळीत 'इन फोल्डर' या रकान्यात विमा असं लिहिलेलं. म्हणजे फोल्डर शाबूत होता. पावती तिथूनच छापून घेतली आणि जीव भांड्यात पडला.

फोल्डर बसलाय कुठे, ते दुसऱ्या दिवशी परतल्यावर पाहिलं. जुन्या धाटणीच्या आऊटलुकात यादीच्या माथ्यावरच्या खात्याच्या नावावर उजवं बटण दाबायचं, 'डेटा फाइल प्रॉपर्टीज' उघडायचं आणि 'फोल्डर साइज' दाबायचं. ही सोय खरं म्हणजे कुणी किती जागा खाल्ली ते बघायला आहे, पण तिथे प्रत्येक फोल्डर कोणाच्या पोटात आहे तेही लिहिलेलं असतं. आमचा विमा 'जुनी लग्नं' मध्ये जाऊन बसला होता! मग त्याच्यावर उजवं बटण, 'मूव्ह फोल्डर', आणि खात्याचं नाव निवडलं की तो जागेवर.

ज्यांची पत्रं जीमेलमध्ये येतात त्यांच्याकडे गोष्ट जरा निराळी. तिथे फोल्डर नसतात, लेबलं असतात. लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी लावावी तशी. एकाच पत्राला दोन चिठ्ठ्याही लागतात. लेबल काढून टाकलं तरी पत्र जात नाही, ते 'ऑल मेल' मध्ये असतंच. लेबल दिसत नसेल तर कॉम्प्युटरवर यादीखालचं 'मोअर' दाबा, नाहीतर सेटिंग्जमध्ये लेबल्सच्या पानावर त्याच्यासमोर 'शो' करा. पुष्कळ फोनांवर पत्रावरून बोट आडवं फिरलं की ते 'आर्काइव्ह' होतं. तेही 'ऑल मेल' मध्येच मिळेल. मात्र स्पॅम आणि ट्रॅशमधली पत्रं ३० दिवसांनी कायमची जातात. तिथे उद्या बघू म्हणू नये.

त्या रात्रीनंतर आमच्या घरी थोडी आवराआवर झाली. ह्यांनी ३७ फोल्डर केले होते. त्यातले कित्येक एकेका पत्राचे! आता नऊ उरलेत. नेहमी लागणाऱ्या चारांवर उजवं बटण दाबून 'ॲड टू फेव्हरिट्स' केलं, म्हणजे ते माथ्यावरच दिसतात आणि कुठे सरकले तरी तिथून उघडतात. विम्याचे, घराचे आणि बँकेचे मुख्य कागद पत्रांतून बाहेर काढून वेगळे साठवले, आणि पॉलिसीची एक छापील प्रत कपाटात ठेवली. खात्याचा पासवर्ड मला ठाऊकच नव्हता; तो आता आम्हा दोघांच्या माहितीच्या वहीत आहे.

ह्यांना घरी आणल्यावर सगळं दाखवलं. म्हणाले, "जुनी लग्नं तरी कशाला ठेवलीस?" भाच्यांच्या पत्रिका आहेत त्यात. त्या मी पुसणार नाही.