आधी भरती, मग बेट

दिवाळीच्या सुट्टीत आठ-दहा जणांनी मिळून एक होडी ठरवायची, जवळची बेटं पाहायची आणि दिवेलागणीच्या आत परतायचं, हा बेत अलीकडे अलिबाग-मुरुडपासून मालवणपर्यंत सगळीकडे होऊ लागला आहे. होडी ठरवणाऱ्याचे तीन प्रश्न ठरलेले असतात: माणसं किती बसतील, भाडं किती आणि दिवसभरात ठिकाणं किती होतील. त्या दिवशी भरती किती वाजता आहे, हा चौथा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की तो पहिला असायला हवा. बाकीच्या तिघांची उत्तरं त्याच्यावर अवलंबून आहेत, भाड्याचंसुद्धा. गाडीने फिरायला जाताना आपण आधी ठिकाणांची यादी करतो आणि मग घड्याळ लावतो. समुद्रात घड्याळ पाण्याने आधीच लावून ठेवलेलं असतं. त्यात काय बसेल तेवढंच आपल्या हाती.

उदाहरणासाठी थळसमोरची खांदेरी-उंदेरीची जोडी घेऊ, कारण मुंबई-पुण्याकडच्यांना ती जवळ आहे. २०२५ च्या जुलैमध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यांतले खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे तीन बेटांवरचे. साहजिकच तिथे जाणाऱ्यांची चौकशी वाढली आहे. खांदेरीवर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तटबंदी सुरू केली, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी आपली जहाजं आणून बेटाची कोंडी करायचा प्रयत्न केला. मराठा आरमाराचा मायनाक भंडारी बेटावर पाय रोवून होता आणि किनाऱ्यावरून त्याला माणसं, दगड, धान्य पोचत राहिलं. ते पोचवणाऱ्या होड्या लहान, उथळ बुडाच्या आणि वल्ह्यांवर चालणाऱ्या होत्या. रात्रीच्या अंधारात त्या अशा पाण्यातून निसटत की खोल बुडाच्या जहाजांना मागे जाता येत नसे. तोफांचं बळ इंग्रजांकडे जास्त होतं, पण थळच्या खाचखळग्यांत कुठे किती पाणी कधी असतं ते मराठ्यांना ठाऊक होतं. पुढच्याच वर्षी जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारची उंदेरी ताब्यात घेऊन तिथे किल्ला बांधला आणि ही दोन बेटं बराच काळ एकमेकांवर डोळे वटारून उभी राहिली. खांदेरीवर १८६७ चं दीपगृह आहे. ते आजही चालू आहे, आणि बेट मुंबई बंदराच्या अखत्यारीत येतं. म्हणून उतरण्याच्या परवानगीची चौकशी निघण्याआधीच केलेली बरी.

भरतीची वेळ काढायला कोकणात एक सूत्र पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ तासांत मिळते. चतुर्थीला चार पाऊण म्हणजे तीन, तेव्हा भरती पहाटे तीनला आणि दुपारी तीनला. अष्टमीला सहाला, एकादशीला सव्वाआठला. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. त्यामागचं कारण सरळ आहे. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही तितकीच मागे सरकते. सूत्र मात्र जरा ढोबळ आहे. पंधरा तिथींमध्ये भरती बारा तास सरकते, म्हणजे तिथीमागे अठ्ठेचाळीस मिनिटं. सूत्र पंचेचाळीसच धरतं. दर तिथीला तीन मिनिटं कमी पडता पडता पंधरवड्याच्या शेवटी पाऊण तासाची चूक साठते. अमावास्येला सूत्र सव्वाअकरा सांगतं, प्रत्यक्षात भरती बाराच्या आसपास येते. म्हणून बेत आखताना सूत्र पुरे, पण निघण्याच्या दिवशी छापील किंवा फोनवरचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहावं, तेही जवळच्या बंदराचं. मुंबईच्या वेळा मालवणला जशाच्या तशा लागू होत नाहीत. पाणी चढण्या-उतरण्यातही फरक आहे. उधाणाला मुंबईकडे चार-साडेचार मीटरचा चढउतार सहज होतो. दक्षिणेकडे जावं तसा तो कमी होत जातो.

आता दिवाळीच पाहा. लक्ष्मीपूजन अमावास्येला, पाडवा प्रतिपदेला, भाऊबीज द्वितीयेला. म्हणजे सुट्टीचे हे तिन्ही दिवस उधाणाचे, आणि उधाणाचा जोर अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो. भरती दुपारी बारा ते दीडच्या दरम्यान, ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहा ते साडेसातच्या सुमारास. सहलीच्या दृष्टीने ही वेळ फार सोयीची आहे, फक्त ती ओळखली पाहिजे. दहाच्या सुमारास चढत्या पाण्याबरोबर निघावं, पूर्ण भरतीच्या तास-दीड तास आधी बेटाला लागावं आणि भरतीनंतर तास-दीड तासात उतरतं पाणी जोर धरायच्या आत बेट सोडावं. बेटावर दोन-तीन तास मिळतात आणि खांदेरीला ते पुरतात. तटावरून फेरी, चाकांच्या गाड्यांवरच्या तोफा, वेताळाचं देऊळ, ठोकल्यावर धातूसारखा आवाज देणारा खडक, आणि सावलीला बसून डबा. उलट अकराला निघून ‘बघू, संध्याकाळपर्यंत येऊ’ असं म्हणणाऱ्यांना दिवाळीत एक विशेष अडचण येते. सूर्यास्त सहाच्या आसपास असतो आणि पूर्ण ओहोटीही त्याच सुमाराला असते. उशीर झाला की अंधार आणि उघडे पडलेले खडक एकदमच समोर येतात.

ओहोटीत पाणी एकसारखं उतरत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवं. सहा तासांचे बारा वाटे केले तर पहिल्या तासात एक वाटा पाणी उतरतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि शेवटी एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी निघून जातं. चार मीटरच्या उधाणात त्या काळात तासाला मीटरभर पाणी कमी होतं. उंदेरीला याचा अर्थ लगेच कळतो. तिथे धड धक्का नाही. तांडेल इंजिन मंद करून होडीची नाळ खडकाला भिडवतो, एक खलाशी दोर घेऊन उडी मारतो आणि माणसं एकेक करून खाली उतरतात. पाणी पुरेसं असेल तर पाय कोरड्या दगडावर पडतो. ते हातभर उतरलं की पाय पडतो शेवाळावर, आणि आणखी उतरलं की कालवांच्या धारदार कडांवर. त्यावर घसरलेल्याच्या तळव्याला आणि गुडघ्याला एकाच वेळी कापतं. लहान मुलं आणि साठीपुढची माणसं सोबत असतील तर उंदेरीवर उतरायचा आग्रह धरू नये. होडीतून वळसा घालूनही तट चांगला दिसतो.

भरतीच्या जोडीला वारा. पावसाळा संपल्यावर पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहतो आणि दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो. शिडाच्या काळात याच दोन वाऱ्यांवर जाणं-येणं बसवलेलं असे. इंजिन आल्यावर ते विसरायला झालं, पण पाणी अजून तसंच वागतं. दुपारी ओहोटीचा ओढा बाहेरच्या दिशेला आणि वारा आतल्या दिशेला, असे दोघं समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. खाडीच्या मुखाशी हे फार जाणवतं. कर्ली नदीच्या मुखाशी, देवबागच्या टोकाला ‘त्सुनामी आयलंड’ नावाने ओळखला जाणारा वाळूचा पट्टा आहे. पाणी उतरलं की तो उघडा पडतो, चढलं की आखडतो. तिथे जाण्याची वेळ थळच्या नेमकी उलटी धरावी लागते. एकच सूत्र, पण एका ठिकाणी भरती हवी आणि दुसऱ्या ठिकाणी ओहोटी. म्हणूनच ‘सकाळी नऊला निघा’ असा सरसकट सल्ला कामाचा नाही.

यावर पहिला आक्षेप इंजिनाचा. आताच्या होड्या दमदार आहेत, भरती-ओहोटी त्यांना काय अडवणार? वेगाच्या बाबतीत हे खरं आहे. खोलीच्या बाबतीत इंजिनाचा उपयोग शून्य, उलट पंख्याला खडक लागण्याची भीती वाढते. २४ ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबईसमोर शिवस्मारकाच्या नियोजित जागेकडे निघालेली स्पीडबोट खडकावर आपटून बुडाली आणि एकाचा जीव गेला. बोट वेगवान होती, आणि पाण्याखालचा खडक लपलेला होता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हे सगळं तांडेलाला माहीत असतं, प्रवाशांनी कशाला डोकं चालवायचं? तांडेलाला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं, यात वाद नाही. अडचण त्याच्या ज्ञानात नाही, सौद्यात आहे. आपण फोनवर ‘अकराला निघू, तीन ठिकाणं दाखवा, पाचला सोडा’ म्हणतो आणि समोरच्याला गिऱ्हाईक गमवायचं नसतं. होडीचा मालक एक, फोन घेणारा दुसरा आणि सुकाणू धरणारा तिसरा असेल तर तांडेलाचं मत सौद्यात येतच नाही. म्हणून प्रश्नच बदलावा. ‘अमुक तारखेला खांदेरीला उतरायचं आहे, किती वाजता निघालेलं बरं?’ असं विचारलं की तांडेल मोकळेपणाने सांगतो. आणि ‘कधीही या’ असं उत्तर आलं तर दुसरी होडी बघावी.

होडीची चौकशी करताना थोडा कागदही पाहावा. मासेमारीचा परवाना म्हणजे प्रवासी नेण्याचा परवाना नव्हे. प्रवासी होडीची नोंदणी आणि तपासणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे होते आणि किती माणसं न्यायची ते ठरलेलं असतं. त्या आकड्यात मुलंही मोजायची. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली, तेव्हा चूक प्रवाशांची नव्हती, भरतीचीही नव्हती. पंधरा जण गेले. नेमक्या अशा वेळी अंगात घातलेलं जाकीट कामाला येतं, बाकाखाली रचलेलं येत नाही. जाकीट घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून वर ओढून पाहावं. ते हनुवटीपर्यंत सरकलं तर पाण्यात निसटणार. मुलांना मोठ्यांचं जाकीट हमखास असंच होतं, म्हणून लहान मापाची आहेत का ते आदल्या दिवशीच विचारावं. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये असू द्यावा आणि किनाऱ्यावरच्या एका माणसाला परतायची वेळ सांगून ठेवावी.

एवढं करूनही हवामान फिरू शकतं. २०१९ च्या दिवाळीत अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ होतं. ते ओमानच्या दिशेने गेलं, तरी कोकणाच्या किनाऱ्यावर लाटांनी पाणी आत आणलं. मे महिन्याची अखेर तशीच नाजूक. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांना घेऊन परतणारी होडी बुडून दोघांचा मृत्यू झाला, तेव्हा पावसाळा दाराशी आला होता. वारा नसतानाही लांबवरून आलेली फुगी खडकावर फुटते, आणि ती किनाऱ्यावरून दिसत नाही. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था लाटांचे इशारे रोज देते, तिथे एकदा डोकावणं पाच मिनिटांचं काम आहे. होडी ठरवतानाच ‘समुद्र खराब असेल तर दिवस बदलू, आगाऊ पैसे बुडणार नाहीत’ असं बोलून घ्यावं. हे आधी बोललेलं नसलं की त्या दिवशी तांडेल आणि गिऱ्हाईक दोघंही पैशाकडे पाहून निर्णय घेतात.

एका दिवसात एकच बेट म्हणजे भाडं अंगावर येतं, हा तिसरा आक्षेप. पण पाण्याचं वेळापत्रक हाती आलं तर कधीकधी ते जास्तच देतं. भाऊबीजेच्या दिवशी ओहोटी साडेसातच्या सुमाराला, आणि ती उधाणाची असल्यामुळे पाणी चांगलंच मागे हटतं. अलिबागचा कुलाबा किल्ला अशा ओहोटीत चालत जाऊन पाहता येतो, किल्ल्याच्या वेळा मात्र आधी बघाव्यात. तिथून परतून, न्याहारी करून, सव्वाअकराला थळहून खांदेरीची होडी. एकाच दिवसात दोन जलदुर्ग, एक ओहोटीने आणि एक भरतीने, आणि होडीचं भाडं एकाचंच. आठवड्याने अष्टमीला हाच बेत फसतो. ओहोटी भर दुपारी असते खरी, पण भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, असल्यामुळे पाणी फारसं हटत नाही. कुलाब्याला धड चालता येत नाही आणि उंदेरीला धड उतरता येत नाही.

राहिला नोकरदारांचा प्रश्न: सुट्टी रविवारची, तिथी कुठून जुळवायची? ती बऱ्यापैकी आपोआप जुळते. सात दिवसांत तिथी साधारण सातने पुढे जाते, म्हणजे एक आड एक रविवारी भरती जवळजवळ त्याच वेळेला येते. एखादा रविवार अमावास्येचा असेल तर त्यानंतरचा दुसरा रविवार पौर्णिमेच्या आसपास पडतो आणि दोन्हींना भरती दुपारची. अमावास्या आठवड्याच्या मध्ये आली तर रविवारी चतुर्थी आणि एकादशी अशी जोडी मिळते. चतुर्थीला दुपारी तीनची भरती, म्हणजे एकला निघून साडेचारला बेट सोडायचं. एकादशीला सव्वाआठची, म्हणजे पहाटेच थळ गाठायचं आणि दहा वाजेपर्यंत परतीला लागायचं. दुसरा पर्याय पुण्याहून येणाऱ्यांना जड जातो, त्यांनी शनिवारी रात्रीच अलिबागला मुक्काम करावा.