जपानी चित्रकथा आणि सात्त्विक भाव

जपानी चित्रकथेचें, म्हणजे ‘मांगा’चें, पुस्तक मुलाच्या हातीं दिसलें कीं पुष्कळ वडीलमंडळी तें हिसकावून घेतात. आमच्या मतें ही घाई होय. जपानी लिपीच्या उभ्या ओळी उजवीकडून लागतात, म्हणून तें उलट्या बाजूनें उघडतें, इतकेंच. पात्रांचे डोळे बशीएवढे, कपाळावर घामाचा टपोरा थेंब! हा थेंब उकाड्याचा नव्हे, संकोचाचा. वाचकांस नाट्यशास्त्रांतील ८ सात्त्विक भाव आठवतील. त्यांतलाच हा स्वेद. गालांवरील बारीक तिरप्या रेघा म्हणजे वैवर्ण्य, थरथरती बाह्यरेषा म्हणजे वेपथु, वेडींवांकडीं अक्षरें म्हणजे स्वरभंग. नट जें अंगानें दाखवितो, तें हा चितारी खुणेनें दाखवितो.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या शेजारींच अजिंठा आहे. तेथील १७ व्या लेण्यांत विश्वंतर जातक रंगविलें असून तोच राजपुत्र एका भिंतीवर पुनः पुनः येतो. प्रसंगांचा क्रम पाहणाऱ्यानेंच लावावयाचा. चित्रें वाचावीं लागतात हें आपणांस नवें नाहीं.

ओसामू तेझुका (१९२८–१९८९) यानें तर १९७२ ते १९८३ या काळांत बुद्धचरित्रच मांगांत रेखाटलें. मोठ्या डोळ्यांची तऱ्हा त्यानें अमेरिकेंतील डिस्नेच्या चित्रपटांवरून उचलली. उसनवारी तेथेंही आहेच! मात्र त्याचें बुद्धचरित्रही सर्वस्वीं बालसुलभ नाहीं, आणि कित्येक मांगा तर केवळ प्रौढांसाठींच निघतात. तेव्हां पुस्तक हिसकावण्यापूर्वीं वडिलांनीं तें स्वतः वाचावें. आरंभ कोठून करावयाचा तें मूल दाखवील.