तांब्यावर कोरलेला खानदेश

खानदेशातल्या सोनगीरच्या तांबटाकडे हंडा घडत असताना नजर आपोआप हातोडीकडे जाते. खरं कसब मात्र डाव्या हातात असतं. ठोका एकाच जागी पडतो, भांडं त्याच्याखाली सरकत राहतं. ठोक्याला ठोका भिडत गेला की पत्र्यावर गोल चकत्यांच्या ओळी उमटतात. मार खाऊन तांबं कडक होतं, फारच कडक झालं तर चिरतं. म्हणून मधूनच भट्टीत लाल करून ते मऊ करायचं. कुठे पोचा पडला तर मागून ठोकून तो वर काढायचा.

हे पाहताना माझ्या पिशवीत एका नकाशाची प्रत होती. तोही तांब्यावरच घडलेला. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो 1615 च्या नोव्हेंबरमध्ये सुरतेहून निघाला तो नंदुरबार, थाळनेर, चोपडा करत बऱ्हाणपूरला पोचला आणि पुढे अजमेरला जहांगीरच्या दरबारी गेला. सोनगीर त्या वाटेच्या दक्षिणेला राहिलं. 1619 मध्ये रो मायदेशी परतला त्या जहाजावर विल्यम बॅफिन हा दर्यावर्दी होता. रोच्या माहितीवरून त्याने मोगल साम्राज्याचा नकाशा काढला आणि लंडनच्या रेनोल्ड एलस्ट्रॅकने तो कोरला.

कोरणाऱ्याला ठोकून कडक केलेला, आरशासारखा घासलेला पत्रा लागे. त्यावर सगळं उलटं कोरायचं: पूर्व डावीकडे, अक्षरं उजवीकडून डावीकडे. पोलादी कोरणी तळहाताने पुढे रेटायची आणि नदीचं वळण आलं की कोरणी तशीच धरून पत्रा फिरवायचा. मग शाई चोळून पृष्ठभाग पुसून घ्यायचा. शाई फक्त चरांत उरते. ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांमधून दाबून काढला की कागद ती शाई उचलतो आणि पत्र्याच्या कडांची चौकट कागदात रुतून बसते.

चूक झाली तर? तेवढी जागा खरवडायची, पत्रा उलटा करून मागून ठोकायचा, खड्डा वर आला की घासून नव्याने कोरायचं. सोनगीरच्या कारागिराला हे समजावून सांगावं लागणार नाही.

पण चूक आधी कुणाला तरी दिसायला हवी. बॅफिनच्या नकाशात गंगा हरद्वारजवळ गायीच्या तोंडासारख्या खडकातून निघते, कारण रोच्या कानावर तसं आलं होतं. पुढे डच नकाशेकारांनी त्याच नकाशाच्या आधारे आपले नकाशे काढले. त्याआधी 1617 मध्ये रोने जहांगीरला मर्केटरचा नकाशासंग्रह भेट दिला, तर दरबारातल्या मुल्लांना तो वाचता येईना आणि बादशहाने तो परत पाठवला. इकडची भूमी जाणणारे तो कागद वाचू शकत नव्हते. कागद वाचणाऱ्यांनी इकडची भूमी पाहिली नव्हती.

सोनगीरच्या हंड्याचं नशीब बरं. गिऱ्हाईक तो उचलतं, बोटाने वाजवतं, बुडाशी डोळा नेऊन बघतं आणि खोट दिसली की तिथल्या तिथे तांबटाच्या पुढ्यात ठेवतं.