समस्थानिक विश्लेषण, पुरातत्त्वीय

प्राचीन हाडे व दात यांतील समस्थानिकांच्या (अणुक्रमांक तोच पण अणुभार भिन्न असलेल्या त्याच मूलद्रव्याच्या प्रकारांच्या) प्रमाणावरून आहार व स्थलांतर यांविषयी अनुमान काढण्याची पद्धती. उत्खननातील धान्यांवरून गावात काय पिकत होते ते कळते. कोणी काय खाल्ले, ते हाडे सांगतात.

कार्बन–१३ चे प्रमाण गहू व जव यांपेक्षा ज्वारी, बाजरी व नाचणी यांत अधिक असते आणि हा फरक खाणाऱ्याच्या हाडांत उतरतो. नायट्रोजन–१५ चे प्रमाण प्राणिज प्रथिनांमुळे, तसेच स्तन्यपानामुळे वाढते. स्ट्राँशियमाच्या समस्थानिकांचे गुणोत्तर भूप्रदेशातील खडकांनुसार बदलते. दातांवरील एनॅमल बालपणी तयार होऊन नंतर बदलत नाही. त्यामुळे त्यावरून बालपणीच्या प्रदेशाचा माग लागतो. हडप्पा व फरमाना (हरियाणा) येथील दफनांच्या अशा अभ्यासात (२०१५) अनेक व्यक्ती बालपणी अन्यत्र राहिल्याचे दिसून आले.

डेक्कन कॉलेजने (पुणे) इनामगाव (जि. पुणे) येथे १९६८–८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन (इ. स. पू. सु. १६००–७००) दफने मिळाली. तेथे उत्तरकाळात शेती घटून पशुपालन वाढले, असे म. के. ढवळीकरांचे मत होते. अशा मताची कसोटी या पद्धतीने घेता येते; मात्र तेथील दफनांत कुंभांत पुरलेली बालके पुष्कळ असल्याने स्तन्यपानाचा परिणाम विचारात घ्यावा लागतो. शिवाय उष्ण हवामानात हाडांतील कोलॅजेन लवकर नष्ट होते. सारख्या खडकांच्या दोन प्रदेशांमधील स्थलांतर स्ट्राँशियमावरून ओळखता येत नाही. म्हणून स्थानिक गुणोत्तर आढळणे हा व्यक्ती तेथीलच असल्याचा निर्णायक पुरावा ठरत नाही.