वकिलाविना दावा आणि ‘नियम 11’चा अर्ज

शेजाऱ्याचा सीसीटीव्ही आपल्या खिडकीवर रोखलेला आहे, म्हणून तुम्ही वकील न लावता दिवाणी दावा दाखल केलात. उत्तरादाखल आधी कैफियत (प्रतिवादीचे लेखी म्हणणे) येईलच असे नाही. बरेचदा येतो दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 7, नियम 11 खालचा अर्ज: ‘वादपत्र नामंजूर करा.’

हा अर्ज ठरवताना न्यायालय फक्त वादपत्र आणि सोबतची कागदपत्रे पाहते. प्रतिवादीचा बचाव खरा की खोटा, हा प्रश्न तेव्हा येत नाही. वादाचे कारणच दिसत नसेल किंवा दाव्याला कायद्याने मनाई असेल, तर वादपत्र नामंजूर होते. कोर्ट फी कमी पडली असेल, तर आधी ती भरायला मुदत मिळते.

सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. तरी नुसता या निकालाचा हवाला पुरत नाही. ‘माझ्या खासगीपणाचा भंग झाला’ एवढेच लिहिले तर दावा अडखळतो. कॅमेरा कधी बसवला, त्यात घरातले काय दिसते, तक्रार कधी केली, हे तारीखवार लिहा. सोबत फोटो जोडा.

वादपत्रात उणीव राहिली असेल तर आदेश 6, नियम 17 खाली दुरुस्तीची परवानगी मागता येते. नामंजुरीच्या आदेशावर अपील चालते. मुदत शिल्लक असेल तर नव्याने वादपत्रही दाखल करता येते. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो.